बेपत्ता ते बेवारस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तळाशी, एक लहानसे छायाचित्र असते. खाली चार ओळी असतात. वर्ण गव्हाळ, बांधा सडपातळ, अंगात निळा पोशाख, कोंकणी व मराठी बोलते. कोणास आढळल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. ही भाषा आमच्या वाचकांना तोंडपाठ झाली आहे. काही दिवसांनी दुसरी बातमी येते. नदीच्या पात्रात, खाडीच्या कडेला, काजूच्या बागायतीत किंवा एखाद्या ओसाड चिरेखाणीत मृतदेह आढळला. पोलिसांनी पंचनामा केला. देह शवचिकित्सेसाठी बांबोळीला पाठविला. अधिक तपास चालू आहे. या दोन बातम्या आम्ही वर्षानुवर्षे छापीत आलो आहोत. तिसरी बातमी, म्हणजे त्या 'अधिक तपासा'तून काय निष्पन्न झाले हे सांगणारी बातमी, क्वचितच येते. आजचा हा अग्रलेख त्या न आलेल्या तिसऱ्या बातमीविषयी आहे.

माणूस हरवतो तेव्हा घराची झोप उडते, आणि तो मृतावस्थेत सापडतो तेव्हा घराचा आधार तुटतो. परंतु त्यानंतर जे सुरू होते त्याची कल्पना बाहेरच्यांना फारशी नसते. बारावे-तेरावे उरकते, समाचाराला येणारे नातेवाईक आपापल्या गावी परततात, आणि मग आई-बापांच्या मनात प्रश्नांची रांग उभी राहते. घरातून निघाली ती कोणाला भेटायला? पायातल्या चपला कोठे गेल्या? गळ्यातली साखळी कोणी काढली? मोबाईल शेवटचा कोठे लागला? पोहता येणारा मुलगा गुडघाभर पाण्यात कसा बुडाला? आम्ही पहिल्या रात्री ठाण्यावर गेलो तेव्हा 'सकाळपर्यंत वाट पाहा, येईल' असे का सांगितले? हे प्रश्न कोणत्याही मोठ्या कटाचे नाहीत. साधी माणसे विचारतात ते हे साधे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे बहुधा मिळू शकली असती. ती मिळत नाहीत याचे कारण ती शोधण्याची सक्ती कोणावरच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे विधान काहींना धाडसाचे वाटेल. म्हणून कायद्याची बाजू थोडी तपशिलाने पाहू. सज्ञान माणूस हरवल्याची तक्रार होते तेव्हा ठाण्यात बेपत्ता व्यक्तींच्या नोंदवहीत नोंद होते. ती गुन्ह्याची नोंद नव्हे. माणूस स्वतःच्या इच्छेने कोठेही जाऊ शकतो, या योग्य तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. पुढे त्याच माणसाचा देह सापडला आणि अंगावर उघड उघड वार नसले, तर दुसरी नोंद होते ती अनैसर्गिक मृत्यूची. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७४ वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १९४ वे कलम या चौकशीविषयी आहे. मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण काय, एवढे पाहून पंचांसमक्ष अहवाल तयार करावयाचा आणि तो दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचा, एवढीच तिची व्याप्ती. नव्या संहितेने हा अहवाल चोवीस तासांत पाठविण्याचे बंधन घातले आहे. परंतु ही दुसरी नोंदही गुन्ह्याची नोंद नव्हेच.

याचा परिणाम काय होतो? नव्या संहितेत सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याची मुभा दिलेली आहे. तपासाची प्रगती फिर्यादीला वा पीडिताला नव्वद दिवसांत कळवावी, हेही त्याच संहितेत आहे. दोन्ही तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण दोन्ही 'गुन्हा' नोंदल्यावर जाग्या होतात. गुन्हाच नोंदलेला नाही, तेथे तज्ज्ञाने किनाऱ्यावर जाण्याची सक्ती नाही आणि बापाला नव्वद दिवसांनी चार ओळी लिहिण्याचेही बंधन नाही. हरवलेला आणि मग मृत सापडलेला माणूस असा दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडतो. पहिली वही म्हणते, माणूस सापडला, प्रकरण मिटले. दुसरी वही म्हणते, संशयास्पद काही नाही, प्रकरण मिटले. घरच्यांच्या दृष्टीने प्रकरण त्या दिवशी सुरू झालेले असते.

ही फट किती खोल आहे हे गोव्याला ठाऊक असले पाहिजे. कारण तिची किंमत या भूमीने मोजलेली आहे. २००९ सालच्या एप्रिल महिन्यात फोंडा तालुक्यातील शिरोड्याच्या एका रिक्षाचालकाला पोलिसांनी अटक केली, आणि १९९४ पासूनच्या पंधरा वर्षांत सोळा स्त्रियांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर आला. लग्नाचे आमिष दाखवावयाचे, दागिने घालून यायला सांगावयाचे, निर्जन जागी नेऊन ओढणीने गळा आवळावयाचा, ही त्याची रीत तपासात उघड झाली. बळी पडलेल्या बहुतेक स्त्रिया गरीब घरच्या होत्या. शेवटच्या प्रकरणात एका तरुणीच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि दूरध्वनीच्या नोंदींनी मार्ग दाखविला, म्हणून हा माणूस हाती लागला. नाहीतर सोळाचे सतरा व्हायला वेळ लागला नसता.

या प्रकरणाची आठवण निघाली की बोलणे त्या नराधमाच्या क्रौर्यापाशीच थांबते. आमच्या मते खरा प्रश्न पंधरा वर्षांचा आहे. इतकी वर्षे एका छोट्या राज्यात, एकमेकांना लागून असलेल्या तालुक्यांत स्त्रिया नाहीशा होत होत्या. त्यांपैकी काहींचे देह पूर्वीच कोठे कोठे सापडले होते, पण ओळख पटलेली नव्हती. एका ठाण्याच्या वहीत 'बेपत्ता' म्हणून नाव होते, दुसऱ्या ठाण्याच्या वहीत 'अनोळखी स्त्रीचे प्रेत' म्हणून नोंद होती, आणि या दोन वह्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम कोणाचेच नव्हते. काही घरांनी तर तक्रारही केलेली नव्हती. मुलगी लग्न करून कोठेतरी सुखात असेल, अशीच त्यांची समजूत होती. आणि शेवटी न्यायालयात काय झाले? दोन खुनांच्या खटल्यांत त्याला जन्मठेप झाली. बाकीच्या अनेक खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या देहाचा पुरावा कोठून आणावयाचा? जो त्या दिवशी गोळा केला नाही, तो नंतर जन्माला येत नाही. त्या घरांना 'कोणी मारले' याचे न्यायालयाने मान्य केलेले उत्तर आजही मिळालेले नाही, आणि यापुढे ते मिळेल असेही दिसत नाही.

फोंड्याचा धडा वह्यांविषयीचा होता. हणजुणेचा धडा पाण्याविषयीचा आहे. १८ फेब्रुवारी २००८ रोजी हणजुणेच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा देह सापडला. बुडून मृत्यू, असा पोलिसांचा पहिला निष्कर्ष होता. मुलीची आई तो मानावयास तयार झाली नाही. तिने आवाज उठविला, परदेशी वृत्तपत्रांनी तो उचलला, दुसरी शवचिकित्सा झाली, अंगावर जखमाच जखमा आढळल्या, आणि मग खुनाचा गुन्हा नोंदला गेला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१६ साली गोव्याच्या बाल न्यायालयाने दोघाही आरोपींना सोडले. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे पहिल्या दिवशीच्या एका घाईच्या शब्दापासून निकालापर्यंत अकरा वर्षे गेली. आणि तेही, त्या मुलीच्या आईला साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांचे पाठबळ होते म्हणून. सांग्याच्या वा काणकोणच्या एखाद्या मजुराच्या बायकोने 'माझा नवरा बुडून मेला नाही' असे म्हटले असते, तर तिचे कोणी ऐकले असते?

'बुडून मृत्यू' हे तीन अक्षरांचे आणि दोन अक्षरांचे असे दोन शब्द किनारपट्टीवरच्या पोलिसांना फार सोयीचे पडतात. पाण्यात सापडलेला प्रत्येक देह बुडून मेलेला असतोच असे नाही, ही न्यायवैद्यकशास्त्रातील प्राथमिक गोष्ट आहे. बुडून मृत्यूचे निदान इतर सर्व कारणे तपासून, ती नाकारून करावयाचे असते. श्वासमार्गातील फेस, फुप्फुसांची स्थिती, हाडांतील मज्जेत पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांचे कण सापडतात की नाही, गळ्यातील नाजूक हाड मोडले आहे का, नखांखाली दुसऱ्याची त्वचा अडकली आहे का, पोटात मद्य वा विष आहे का, यांतील एकेक गोष्ट पाहावी लागते, आणि एकेकीची वेळ उलटून जाते. पाणी पुरावा धुऊन काढते. आपल्याकडील उष्ण हवेत देह एक-दोन दिवसांतच फुगून वर येतो, मासे व खेकडे त्याला लागतात, आणि मारहाणीची खूण कोणती व खडकावर आपटल्याची कोणती हे सांगणे जाणत्या डॉक्टरलाही कठीण जाते. व्हिसेरा राखून ठेवला, असे वाचले की सामान्य माणसाला वाटते, आता सत्य बाहेर येईल. तो अहवाल कधी आला, त्यात काय निघाले, हे घरच्यांना कळविण्याची मात्र कोणास घाई नसते. राज्याची स्वतःची प्रयोगशाळा वेर्णा येथे उभी राहिल्यानंतर तरी 'नमुने बाहेर पाठविले आहेत' ही सबब मागे पडावयास हवी होती.

आणखी एक गोष्ट. देह जेथे सापडला तेथेच माणूस पाण्यात गेला, असे समुद्राचा अनुभव असलेला एकही रापणकार म्हणणार नाही. मांडवी-जुवारीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा जोर किती असतो, पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो, हे जाणणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आपल्याकडे आहे. आज ती दोनापावला येथे, पोलीस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी उभी आहे. समुद्रात हरवलेल्यांना कोठे शोधावे हे प्रवाहाच्या गणितावरून सांगणारी प्रणाली हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राने २०१६ पासून उपलब्ध केलेली आहे. तेच गणित उलट मांडले तर देह साधारण कोठून व कधी वाहत आला असेल याचा अंदाज बांधता येतो. असा अंदाज घेण्याचा पायंडा आपल्या पोलिसांनी पाडला आहे काय? ऑगस्ट २०२१ मध्ये कळंगुटच्या किनाऱ्यावर एका तरुणीचा देह सापडला आणि पोलिसांनी बुडून मृत्यूचे अनुमान मांडले, तेव्हा गोव्यातील लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांचे अनुमान बरोबर की चूक, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. लोकांचा त्यावर विश्वास का बसला नाही, याचा विचार मात्र गृहखात्याने करावयास हवा. हणजुणे विसरलेले नसलेल्या लोकांकडून शब्दावर विश्वास मागता येत नाही. त्यांना कारणे दाखवावी लागतात.

आता पहिल्या रात्रीकडे येऊ. चोवीस तास उलटल्याशिवाय बेपत्ता व्यक्तीची तक्रार घेता येत नाही, असा समज लोकांत आहे आणि काही ठाण्यांतही तो सोयीस्करपणे जपला जातो. असा कोणताही नियम कायद्यात नाही. उलट हे पहिले चोवीस तासच खरे कामाचे असतात. दुकानांतल्या व हॉटेलांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. बसवाहक, फेरीबोटीवरचा कामगार, चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या यांना परवाचा चेहरा आठवतो, पुढच्या आठवड्यात आठवत नाही. दूरध्वनी कंपन्यांनी संभाषणाच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्यात असे बंधन केंद्राने २०२१ साली घातले. त्या नोंदी टिकतात, पण त्या पाहून ज्याला विचारावयाचे तो माणूस तोवर परराज्यात निघून गेलेला असतो. मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट निर्देश दिले की, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण वा अनैतिक व्यापाराचा संशय गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. अठरा वर्षे पूर्ण झाली की हे संरक्षण एका रात्रीत संपते. सतरा वर्षांच्या मुलीसाठी तपास सुरू होतो आणि एकोणीस वर्षांच्या बहिणीसाठी वाट पाहावयास सांगितले जाते.

वाट पाहावयास सांगण्यामागे एक विषारी गृहीतक दडलेले असते. तरुणी असली की 'कोणाबरोबर तरी गेली असेल', तरुण असला की 'पिऊन कोठे पडला असेल', परप्रांतीय मजूर असला की 'गावाला गेला असेल', मन स्थिर नसलेला वृद्ध असला की 'भटकत असेल'. तक्रार लिहून घेण्याआधीच माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा होतो. फोंड्याच्या त्या स्त्रियांचे नेमके हेच झाले. त्या कोणाबरोबर गेल्या, एवढे सर्वांना सुचले. ज्याच्याबरोबर गेल्या त्याने पुढे काय केले, हे विचारावयाचे राहून गेले. मेल्यावरही हा छळ संपत नाही. तिच्या पोशाखाची, मित्रांची, रात्री बाहेर असण्याची चर्चा नाक्यानाक्यावर होते आणि ज्याची चौकशी व्हावयाची तो त्या चर्चेत मिसळून उभा असतो.

येथवर आम्ही दुर्लक्षाविषयी बोललो. संशयाची सुई खुद्द ठाण्याकडेच वळली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारी घडलेले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या आरोपावरून पकडलेला एक तरुण कोठडीतून पळून गेला, असे पोलिसांनी जाहीर केले. घरच्यांनी ते मानले नाही. मग तपासात बाहेर आले ते असे की, त्याचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यातच झाला होता आणि त्याचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला होता. उपनिरीक्षकासह अनेक पोलिसांना अटक झाली. 'पळून गेला' आणि 'बेपत्ता आहे' हे शब्द येथे खुनावर पांघरूण घालण्यासाठी वापरले गेले, असा हा आरोप आहे. ज्या घाटातून आमचे वाचक बेळगाव-कोल्हापूरकडे जातात त्या घाटातली ही गोष्ट. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी असा कायदा आहे. पण मृत्यू झालाच नाही, माणूस पळाला, असे म्हटले की ती चौकशीही टळते. सांगलीकर रस्त्यावर आले नसते तर ती टळलीही असती.

याउलट, लोकक्षोभाच्या दडपणाखाली केलेला तपास म्हणजे उत्तर नव्हे, हेही आम्हांला तितक्याच स्पष्टपणे सांगावयाचे आहे. दिल्लीजवळच्या निठारी गावातून दोन वर्षे मुले नाहीशी होत होती. गरिबांची मुले, म्हणून तक्रारींची दखल घेतली गेली नाही. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे सापडले आणि साऱ्या देशाचा थरकाप झाला. मग घाईघाईने तपास झाला, फाशीच्या शिक्षा झाल्या. सतरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कठोर ताशेरे ओढून आरोपींना सोडले; ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही दोषसिद्धी रद्द केली. मग त्या मुलांना कोणी मारले? आज याचे उत्तर कायद्याजवळ नाही. तक्रार आली त्या दिवशी दाखविलेली बेपर्वाई आणि सांगाडे सापडले त्या दिवशी दाखविलेली घाई यांचा शेवट एकच झाला. आई-बाप जेथे होते तेथेच उभे आहेत. म्हणून 'अमक्याला पकडा, तमक्याला लटकवा' अशी मागणी आम्ही कधीही करणार नाही. प्रश्न विचारणे म्हणजे आरोप करणे नव्हे. प्रश्नांना पुराव्याने उत्तर द्या, एवढेच आमचे मागणे आहे. मग ते उत्तर 'अपघात' असे का असेना.

पोलिसांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बेपत्ता झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसे काही दिवसांत परत येतात, हे खरे आहे. पाण्यात सापडलेल्यांपैकी पुष्कळ जण खरोखरच बुडालेले असतात आणि काहींनी स्वतःच जीवन संपविलेले असते, हेही खरे. घरच्यांना आत्महत्येचे सत्य स्वीकारणे जड जाते आणि ते दुसऱ्या कोणावर तरी बोट ठेवतात, असे अनुभवी अधिकारी सांगतात. त्यातही तथ्य आहे. मंत्र्यांचा बंदोबस्त, पर्यटकांची गर्दी, जत्रा-कार्निव्हाल आणि न्यायालयाच्या तारखा सांभाळून उरलेल्या दोन हवालदारांनी किती बेपत्ता माणसांच्या मागे धावावे? आम्हांला या अडचणींची जाण आहे. परंतु बहुतेक ताप साधे असतात म्हणून डॉक्टर रोग्याला तपासल्यावाचून घरी पाठवीत नाही. आणि मृत्यू आत्महत्येचा असेल तर घरच्यांना ते पुराव्यानिशी, सहानुभूतीने समजावून सांगणे हे कामच नव्हे काय? पुराव्याने पटलेले दुःख माणूस कधीतरी गिळतो. संशय गिळता येत नाही. तो घराघरांत भांडणे लावतो, शेजाऱ्याला शेजाऱ्याचा वैरी करतो, आणि एखाद्या निरपराध मित्राला आयुष्यभर 'शेवटचा त्याच्याबरोबर तूच होतास' हे ऐकावयास लावतो.

मग करावे काय? फार मोठा खर्च वा नवे खाते नको. पहिली गोष्ट, बेपत्ता म्हणून नोंद असलेली व्यक्ती मृत सापडली की ते प्रकरण साध्या अनैसर्गिक मृत्यूचे मानू नये. उलट सिद्ध होईपर्यंत घातपाताची शक्यता गृहीत धरून न्यायवैद्यक तज्ज्ञाला जागेवर न्यावे आणि शवचिकित्सेचे चित्रीकरण करावे. कायदा यास मनाई करीत नाही. गृहखात्याचे एक परिपत्रक पुरे आहे. दुसरी गोष्ट, चौकशी मिटवावयाची असेल तर ती का मिटविली याची कारणे घरच्यांना त्यांच्या भाषेत, लेखी द्यावीत. शवचिकित्सेचा व व्हिसेराचा अहवाल त्यांनी हेलपाटे न घालता त्यांच्या हाती पडावा. तिसरी गोष्ट, उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारा अहवाल ही केवळ सहीसाठी आलेली फाईल होऊ नये. घरच्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याविना ती बंद करता येऊ नये. चौथी गोष्ट, राज्यातील बेपत्ता व्यक्तींची वही आणि अनोळखी प्रेतांची वही दर आठवड्याला एका अधिकाऱ्याने ताडून पाहावी, आणि त्याचे नाव लोकांना ठाऊक असावे. ठाण्याठाण्यांतील नोंदी संगणकाच्या एका जाळ्यात आणण्याची योजना केंद्राने २००९ सालीच, म्हणजे फोंड्याचे प्रकरण उघड झाले त्याच वर्षी, हाती घेतली. यंत्र आले, त्यात पाहणारे डोळे नेमावयाचे आहेत.

हे काम राज्याच्या सीमेवर थांबून चालणार नाही. पेडण्यातून निघालेला माणूस सावंतवाडीला, सत्तरीतून निघालेला खानापुरात आणि काणकोणातून निघालेला कारवारला तासाभरात पोहोचतो. देहाला तर नदी आणि समुद्र सीमा ओलांडून नेतात. गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर कन्नड या चार मुलखांच्या पोलिसांनी आपापल्या अनोळखी प्रेतांची माहिती एकमेकांस नियमाने देण्याची व्यवस्था केली, तर अनेक घरांचा शोध संपेल. बेवारस म्हणून विल्हेवाट लावण्यापूर्वी प्रत्येक अनोळखी देहाचा जनुकीय नमुना राखून ठेवणे हेही आता अवघड राहिलेले नाही. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या जनुकीय नोंदींच्या स्वतंत्र सूची करण्याची तरतूद केंद्राच्या २०१९ च्या विधेयकात होती. खासगीपणाच्या रास्त शंका उपस्थित झाल्या आणि जुलै २०२३ मध्ये ते विधेयकच मागे घेण्यात आले. गुन्हेगारांच्या व संशयितांच्या सूचीविषयी वाद असतील. मृतांना त्यांचे नाव परत देणारी सूची तेवढ्यासाठी का अडावी, हे आम्हांला समजत नाही. लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न विधानसभेत आणि संसदेत विचारावा.

शेवटी आमच्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बेपत्ता म्हणून छायाचित्र छापताना आणि मृतदेह सापडल्याची बातमी देताना वृत्तपत्रांची लगबग असते. पुढे त्या घरी कोणी जात नाही. पोलिसांनी दिलेले 'बुडून मृत्यू' हे शब्द आम्हीही पुष्कळदा तसेच्या तसे छापले आहेत, आणि 'अधिक तपास चालू आहे' या वाक्याखाली स्वतःची चौकशी संपविली आहे. तिसरी बातमी येत नाही यात आमचाही वाटा आहे, हे मान्य करूनच आम्ही सरकारला जाब विचारीत आहोत.

विधानसभेचे पुढील अधिवेशन भरेल तेव्हा गृहमंत्र्यांनी एकच तक्ता सभागृहापुढे ठेवावा. गेल्या दहा वर्षांत या राज्यात बेपत्ता म्हणून नोंद झालेल्या किती व्यक्ती पुढे मृत सापडल्या. त्यांपैकी किती प्रकरणांत गुन्हा नोंदला गेला. किती प्रकरणे अनैसर्गिक मृत्यू म्हणून मिटली. किती घरांना मिटविण्याची कारणे लेखी कळविली. आणि या काळात सापडलेले किती देह अजून नावाविना आहेत. हा तक्ता तयार करणे कठीण जाणार असेल, तर त्या दोन वह्या अजूनही वेगवेगळ्या कपाटांत आहेत असा त्याचा अर्थ होईल. ती कपाटे प्रथम उघडावीत. ज्या घरात कोणी माणूस आपल्या लेकीच्या न सापडलेल्या चपलांविषयी आजही विचारीत आहे, त्या घराला सरकारचे एवढे देणे लागते.